शंभर ताटांचं बंदर

सिराफच्या एखाद्या मातबर सौदागराने हिंदुस्थानी व्यापाऱ्यांना जेवायला बोलावलं, तर पाहुणे शंभर असोत, कमी असोत की जास्त, प्रत्येकापुढे वेगळं ताट मांडावं लागे. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात चालत नसे. यजमान मंडळी एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवणारी. एका थाळ्यात हात घालणं ही त्यांच्याकडे जवळिकीची खूण. तरीही पाहुण्यांची रीत पाहुण्यांसाठी पाळली जाई. ही नोंद इ.स. ९१६च्या सुमारास सिराफच्याच अबू जैद अल्-हसन या माणसाने करून ठेवली आहे. हिंदुस्थानातले राजे आणि बडे लोक नारळाच्या झावळ्यांच्या विणलेल्या ताटांत जेवतात, आणि जेवण आटोपलं की ती उरल्यासुरल्या अन्नासकट पाण्यात सोडून देतात, असंही तो लिहितो. पत्रावळीवर जेवलेल्या माणसाला हे वाचताना वाटतं, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या पंगतीत डोकावून गेलं.

मला सिराफची ओढ लागली ती या ताटांमुळे. इराणच्या आखाती किनाऱ्यावर, बुशेहर प्रांतात, कंगान आणि असालूये या गावांच्या मध्ये आज ते एक लहानसं गाव आहे. वस्ती काही हजारांची. परवापरवापर्यंत त्याचं नाव बंदर ताहेरी असं होतं. जुनं नाव सरकारदरबारी परत आलं ते अलीकडे. गावाच्या मागे झाग्रोसच्या डोंगरांचे फाटे थेट समुद्राच्या अंगावर उतरले आहेत. पुढे उपसागर, आणि मध्ये उरलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पाऊस नावापुरता. उन्हाळ्यात दगड तापून चटके देतात. इथे शहर वसवावं असं जमिनीकडे बघून कुणाच्याही मनात येणार नाही. पण नवव्या आणि दहाव्या शतकात इथे चार किलोमीटर लांबीचं शहर उभं होतं, आणि चीनपासून आफ्रिकेपर्यंतच्या खलाशांना त्याचं नाव ठाऊक होतं.

नावाची एक लोककथा याकूत या भूगोलकाराने सांगितली आहे. कैकाऊस हा पुराणकाळचा इराणी राजा आकाशात उडायला निघाला आणि कोसळला, तो इथे. शुद्धीवर आल्यावर त्याने दूध आणि पाणी मागितलं. फारसीत दूध म्हणजे ‘शीर’ आणि पाणी म्हणजे ‘आब’. त्यावरून शीराब, आणि त्याचं पुढे सिराफ. व्युत्पत्ती म्हणून ही कथा टिकायची नाही. पण ज्या गावात गोडं पाणी हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू होती, त्या गावाने आपल्या नावातच पाणी मागून घेतलं, हे मला फार खरं वाटतं.

पाण्याची हकीकत इस्तख्री सांगतो. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा भूगोलकार मूळचा याच फार्स मुलखाचा. तो म्हणतो, सिराफच्या आसपास ना बाग आहे ना झाड. फळं आणि चांगलं पाणी येतं ते जम्म नावाच्या, वरून शहरावर नजर ठेवणाऱ्या थंड डोंगरावरून. त्या पट्ट्यातलं हे सर्वांत उष्ण शहर. तरीही विस्ताराने ते शिराझच्या बरोबरीचं. घरं समुद्राकडे तोंड करून दाटीवाटीने उभी, आणि कित्येक मजल्यांची. एका सौदागराने आपल्या घरावर ३०,००० दिनारांहून जास्त खर्च केला होता. ही घरं कशाची, तर सागाची आणि जंज मुलखातून, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, आणलेल्या लाकडाची.

इथे जरा थांबायला हवं. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्याकडे गेला तो आपल्याकडून. संस्कृतातला ‘शाक’, प्राकृतातून आलेला आपला ‘साग’, आणि त्यांचा ‘साज’ ही एकाच झाडाची नावं. सागाचं झाड अरबस्तानात वाढत नाही, इराणात नाही, आफ्रिकेतही नाही. तेव्हा सिराफच्या ज्या तुळया, जे खांब आणि ज्या जहाजांच्या फळ्या ‘साज’च्या होत्या, त्या सगळ्या हिंदी महासागराच्या आपल्या बाजूच्या डोंगरांतून आलेल्या होत्या. घाटातला ओंडका बंदरात उतरायचा, गलबतावर चढायचा आणि पुढे एका ओसाड किनाऱ्यावर कुणाच्या तरी दिवाणखान्याचं छत होऊन बसायचा. झाड नसलेल्या गावाने लाकडाचं शहर बांधलं, ते असं.

सिराफ इथेच का वाढलं, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. आखाताच्या टोकाला बसरा आणि बगदाद ही खरी गिऱ्हाइकं. पण तिकडे समुद्र उथळ आणि लाटा अडचणीच्या. मोठी जहाजं तिथवर नेणं जोखमीचं होतं. म्हणून बसऱ्याहून आणि ओमानहून माल लहान गलबतांत भरून सिराफला आणत आणि इथे तो चीनला जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर चढवत. इ.स. ८५१ साली लिहिलेल्या एका अरबी प्रवासवृत्तात ही व्यवस्था नीट वर्णिली आहे, आणि त्याच वृत्ताला पुढे आपल्या अबू जैदने पुरवणी जोडली. सिराफहून मस्कत, तिथे पाणी भरायचं, मग महिन्याभरात केरळातलं कूलम, म्हणजे आजचं कोल्लम. तिथे चीनकडे जाणाऱ्या जहाजाला १,००० दिरहम जकात. पुढे सिंहलद्वीपाला वळसा घालून मलाक्काची सामुद्रधुनी, चंपा, आणि शेवटी खान्फू, म्हणजे चीनचं ग्वांगचौ. अशा प्रवासाला निघालेला माणूस परत यायला दीड-दोन वर्षं लागत. घरच्यांनी त्याला निरोप देताना काय म्हटलं असेल, याची कल्पना कोकणातल्या कुठल्याही खलाशाच्या घरी बसून करता येते.

आणि जहाजं कशी? खिळ्यांशिवाय. फळीला फळी भिडवून, दोन्हींना भोकं पाडून, काथ्याच्या दोरीने शिवलेली. अबू जैद म्हणतो, शिवलेल्या फळ्यांची जहाजं ही खास सिराफची. शाम, म्हणजे सीरिया, आणि रूम, म्हणजे बायझंटाईन मुलूख, इथले लोक फळ्यांना खिळे ठोकतात, शिवत नाहीत. म्हणून भूमध्य समुद्रात शिवलेल्या सागाच्या फळ्या वाहत आलेल्या सापडल्या, तेव्हा त्याने त्यातून एक मोठा निष्कर्ष काढला: पूर्वेचा समुद्र आणि पश्चिमेचा समुद्र कुठेतरी एकमेकांना मिळालेले असले पाहिजेत. एका तुटक्या फळीवरून जगाचा नकाशा ताडणारा हा माणूस होता. काथ्याबद्दलही त्याची नोंद लोभस आहे. ओमानचे लोक हत्यारं घेऊन नारळाच्या बेटांवर जातात, नारळाची झाडं तोडतात, त्यांच्या खोडाच्या फळ्या करतात, सालीच्या सुंभाने त्या शिवतात, खोडाचीच डोलकाठी करतात, झावळ्या विणून शीड करतात, आणि मग त्या जहाजात नारळ भरून परत निघतात. जहाजही नारळाचं, मालही नारळाचा. आमच्या किनाऱ्यावर नारळाला कल्पवृक्ष म्हणतात. ते नुसतं कौतुकाने म्हटलेलं नाही, हे या वर्णनातून कळतं.

इस्तख्रीने सिराफच्या माणसांबद्दल आणखी एक गोष्ट ऐकली होती. इथला एक खलाशी म्हणे ४० वर्षं जहाजावरून उतरलाच नाही. जमीन जवळ आली की तो सोबत्याला किनाऱ्यावर पाठवायचा आणि आपली कामं उरकून घ्यायचा. जहाज मोडकळीला आलं की दुसऱ्या जहाजावर जायचा. ज्या गावाला पाठीशी शेत नाही, त्या गावाची माणसं अशीच होणार. सिराफसाठी समुद्र हेच घर होतं, आणि किनाऱ्यावरचं तीन मजली घर म्हणजे म्हातारपणीचं बिऱ्हाड.

आता पलीकडचा काठ. सिराफच्या खलाशांच्या तोंडी आपल्या किनाऱ्यावरची तीन-चार नावं सारखी येतात: सिंदान, ताना, सूबारा आणि सैमूर. म्हणजे संजाण, ठाणं, सोपारा आणि चौल. वरचा सम्राट ‘बल्हारा’, म्हणजे मान्यखेटचा वल्लभराज राष्ट्रकूट. ‘बल्हारा’ला अरबांविषयी ममत्व आहे असं इ.स. ८५१च्या वृत्तातही म्हटलं आहे. या ममत्वामागे व्यवहार होता हे उघड आहे. घोडे, खजूर, मोती आणि सोनंचांदी सिराफच्या बाजूने येत होती. पण केवळ व्यवहार म्हणून हा विषय मिटत नाही.

अल्-मसूदी हा मोठा इतिहासकार इ.स. ९१६ साली चौलला होता. तो लिहितो की तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात. काही सिराफचे, काही ओमान, बसरा आणि बगदादचे, आणि बरेच ‘बयासिरा’, म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मलेले. त्या वेळी तिथला राजा झंझ, आपला शिलाहार झंझ. या वस्तीवर तिच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस प्रमुख म्हणून नेमलेला असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. मुसलमानांमधले तंटे तोच सोडवी. मसूदीच्या भेटीच्या वेळी अबू सईद मारूफ इब्न जकरिया हा हुनरमन होता. याच शतकात बुजुर्ग इब्न शहरियार या नाखुद्याने गोळा केलेल्या दर्यावर्दी कथांत चौलचा आणखी एक हुनरमन भेटतो, अब्बास इब्न माहान. तो सिराफचा. बुजुर्गला कथा पुरवणाऱ्यांपैकी मुहम्मद इब्न मुस्लिम हाही सिराफचाच. तो ठाण्यात वीस वर्षांहून जास्त राहिला होता आणि त्याला इथल्या लोकांच्या चालीरीती चांगल्या ठाऊक होत्या.

वीस वर्षं ठाण्यात! खाडीच्या काठी, शिलाहारांच्या राज्यात, वीस पावसाळे. मला या माणसाबद्दल जास्त काही माहीत असावं असं फार वाटतं. तो कुठली भाषा शिकला असेल? तेव्हाची बोली ही आपल्या मराठीची आजी. तिचे काही शब्द तो सिराफला घेऊन गेला असेल. मात्र बुजुर्गच्या पुस्तकात त्याची कथा उरली, तोंडची भाषा उरली नाही.

संजाणला तर गोष्ट आणखी पुढे गेली होती. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यांतला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा ताम्रपट तिसऱ्या इंद्राच्या काळातला आहे. संयान मंडळाचा कारभार तेव्हा मधुमती नावाचा ताजिक पाहत होता. त्याला सुगतिप असंही म्हणत. मधुमती म्हणजे मुहम्मद, ताजिक म्हणजे अरब, आणि त्याच्या बापाचं ‘सहियारहार’ हे नाव शहरियार या इराणी नावाचं संस्कृत रूप असावं असं अभ्यासक मानतात. दुसऱ्या कृष्णराजाने त्याला हे मंडळ सोपवलं होतं. या मधुमतीने काय केलं? दोन प्रवाहांवर लोकांसाठी मोफत तर सुरू केली. एक अन्नसत्र घातलं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या भगवतीच्या मठाला जमीन देण्याची व्यवस्था केली. सिराफला हिंदू पाहुण्यांसाठी वेगळी ताटं मांडली जात होती आणि त्याच पिढीत संजाणला अरब अधिकारी भात-तुपाचं सत्र चालवत होता. हे दोन पुरावे वेगवेगळ्या लिप्यांत, वेगवेगळ्या कपाटांत पडून आहेत. मला ते शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात.

या नात्यावरचा सर्वांत मोठा आघातही बुजुर्गनेच नोंदवला आहे. वर्ष हिजरी ३०६, इ.स. ९१८. सिराफहून तीन मोठी जहाजं चौलला निघाली. त्यांवर १,२०० माणसं: सौदागर, नाखवे, खलाशी आणि त्यांचे आप्त. मालाची किंमत मोजण्यापलीकडची. वारा असा मिळाला की अकरा दिवसांत त्यांना संजाण, ठाणं आणि चौल या पट्ट्यातले डोंगर दिसू लागले. इतक्या लवकर कुणी पोचल्याचं त्यांच्यापैकी कुणी ऐकलंही नव्हतं. जहाजांवर आनंदीआनंद झाला, लोक एकमेकांचं अभिनंदन करू लागले. किनारा दिसला म्हणजे संकट संपलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात डोंगराकडून वारा सुटला. शिडं आवरायची सवड मिळाली नाही. वादळ, विजा, पाऊस. माल समुद्रात फेकून जहाज हलकं करावं असं कुणीतरी सुचवलं. पण लाटा चढत गेल्या, आणि माल फेकायचं ठरलं तेव्हा वेळ टळून गेली होती. पावसाचं पाणी पिऊन गाठोडी फुगली, त्यांचं वजन दुप्पट झालं. जहाज बुडणार हे दिसल्यावर ३३ माणसं होडीत उतरली. बाकीचे जहाजावरच राहिले.

पाच दिवस ती होडी लाटांवर होती. अन्न नाही, पाणी नाही. भुकेने बोलायची ताकद सरली, तेव्हा ते खुणांनी एकमेकांशी बोलू लागले आणि त्या खुणांत एक भयंकर बेत ठरला. होडीत एक मुलगा होता, अंगाने भरलेला, अजून वयात न आलेला. त्याचा बाप मागे जहाजावर राहिला होता. त्याला मारून खायचं. मुलाला ते समजलं. कथा सांगणारा वाचलेला माणूस म्हणतो, तो आकाशाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मग घटकाही गेली नसेल, तोच जमीन दिसली. होडी वाळूला लागून उलटली. उभं राहायचंही बळ कुणात नव्हतं. दोन माणसं धावत आली, हाताला धरून त्यांना बाहेर काढलं, आणि ते मेल्यासारखे तोंडावर पडले. हा कुठला मुलूख, असं विचारल्यावर एकाने दूरचा धूर दाखवून सांगितलं, तो तीझचा. तीझ म्हणजे मकरानचं बंदर. चौलच्या तोंडाशी आलेली माणसं वाऱ्याने मकरानला नेऊन टाकली होती.

ही कथा मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी मी त्या मुलाच्या हलणाऱ्या ओठांपाशी थांबतो. बुजुर्गच्या पुस्तकात अचाट कथा भरपूर आहेत, माणूस खाणारी बेटं आहेत, राक्षसी मासे आहेत. पण ही कथा त्यांतली नाही. तिला वर्ष आहे, माणसांचा आकडा आहे, मार्ग आहे, आणि शेवटी एक कोरडं वाक्य आहे: या जहाजांबरोबर बुडालेल्या संपत्तीमुळे आणि माणसांमुळे सिराफ आणि सैमूर या दोन्ही गावांना उतरती कळा लागली. एका वादळाने दोन किनाऱ्यांवरच्या दोन गावांना एकदम पोरकं केलं. चौलची भरभराट पुढे परतली, कित्येक शतकं टिकली. पण त्या वर्षी चौलच्या मुसलमान मोहल्ल्यात आणि सिराफच्या समुद्राकाठच्या घरांत रडणं एकच असणार. नावं तीच, कुळं तीच.

मसूदीलाही हे दुःख ठाऊक होतं. तो स्वतः इ.स. ९१६ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कंबलूहून ओमानला आला, तो सिराफच्या अहमद आणि अब्द अस्-समद या भावांच्या जहाजातून. सिराफच्या मीकान या मोहल्ल्यातली ही माणसं. पुढे त्याच समुद्रात जहाजासकट ते बुडाले, हे तो एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. दर्यावर्दी माणसांचे मृत्युलेख एवढेच असतात.

वादळं तर नेहमीचीच होती. सिराफचा कणा आधीच दुखावला होता तो दूर पूर्वेला. इ.स. ८७९ साली ह्वांग छाव या बंडखोराने खान्फू जिंकलं. अबू जैद म्हणतो, तिथे व्यापार करणारे मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती आणि अग्निपूजक मिळून १,२०,००० लोक मारले गेले. आकडा खरा असो वा फुगलेला, पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते: बंडखोरांनी तुतीची झाडं तोडली. तुती गेली म्हणजे रेशीम गेलं, आणि रेशीम गेलं म्हणजे तिकडे जायचं कारणच गेलं. चीनमधली झाडं तुटली आणि फार्सच्या किनाऱ्यावर जहाजं रिकामी राहिली. सिराफच्या व्यापाराचं जाळं किती लांबवर पसरलं होतं, ते या एका नोंदीवरून समजतं.

मग जमीनच हलली. इ.स. ९७७च्या सुमारास सिराफला भूकंप झाला आणि तो सात दिवस चालला. लोक होड्यांत बसून समुद्रात पळाले. ज्या समुद्राने १,२०० माणसं गिळली होती, त्याच्याच आसऱ्याला. उंच घरं पडली. मुकद्दसी या प्रवाशाने पुढे तिथल्या लोकांना विचारलं, देवाने तुमच्यावरची कृपा का काढून घेतली? ते म्हणाले, आमच्यात व्यभिचार वाढला होता आणि व्याजबट्टा बोकाळला होता. दुःखाचं कारण स्वतःत शोधणारी ही उत्तरं आपल्याकडच्या गावांतही ऐकू येतात. मुकद्दसीच्या मते सिराफची घसरण दैलमी राजवट आल्यापासूनच सुरू झाली होती, आणि लोक ओमानच्या किनाऱ्याकडे निघून जात होते. दक्षिणेला किश बेटाने डोकं वर काढलं आणि आखाताचा व्यापार तिकडे वळला.

तरी सिराफ एकदम विझलं नाही. बाराव्या शतकात इथल्याच रामिश्त नावाच्या सौदागराने एवढी संपत्ती मिळवली की त्याच्या कारकुनाने एका चीन सफरीतून आणलेला मालच ५,००,००० दिनारांचा होता असं सांगत. इ.स. ११३५ साली किशच्या राजाने एडनला वेढा घातला, तेव्हा एडनकरांच्या मदतीला रामिश्तचीच दोन जहाजं धावून गेली. कैरोच्या एका यहुदी प्रार्थनामंदिरात सापडलेल्या व्यापाऱ्यांच्या पत्रांमुळे हे आपल्याला कळतं. त्या पत्रांत रामिश्तची जहाजं मलबारच्या वाटेवर सारखी दिसतात. इ.स. ११३८च्या सुमारास सुलतानांच्या भांडणात काबागृहाचं वार्षिक वस्त्र आलं नाही, तर ते रामिश्तने घातलं. कापडाची किंमत १८,००० दिनार. काबेच्या छपराची चांदीची पन्हळ बदलून त्याने सोन्याची लावली. इ.स. ११४० साली तो वारला आणि मक्केत पुरला गेला. ओसाड किनाऱ्यावरच्या, पाणी बाहेरून आणणाऱ्या गावाचा माणूस काबेच्या पावसाच्या पाण्याला सोन्याची वाट करून देतो. सिराफच्या इतिहासातलं मला सर्वांत आवडतं दृश्य हेच.

याकूत तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे गेला, तेव्हा गाव पडीक झालं होतं. स्थानिक लोक त्याला शीलाव म्हणत. जहाजांना थारा नव्हता. ती नाबंदला नांगर टाकत. उरले होते ते गरीब लोक, आणि त्यांना तिथे धरून ठेवणारी एकच गोष्ट होती: जन्मभूमीची माया. एक सुंदर मशीद मात्र उभी होती, सागाच्या खांबांची. पुढच्या शतकात इब्न बतूताने किशलाच सिराफ समजून लिहिलं. शहर इतकं विस्मृतीत गेलं होतं की त्याचं नाव त्याच्या वैऱ्याला चिकटलं.

मग सुमारे पाचशे वर्षं विशेष काही नाही. एकोणिसाव्या शतकात नसूरी शेखांनी टेकडीवर एक किल्ला बांधला, तो अजून आहे. १९३० नंतरच्या दशकात ऑरेल स्टाइन येऊन अवशेष पाहून गेला. १९६६ ते १९७३ या काळात डेव्हिड व्हाइटहाउस या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने सात हंगाम खणून जुनं शहर उकललं. नवव्या शतकाच्या सुरुवातीची जामा मशीद निघाली, आणि तिच्या चौथऱ्याखाली सासानी काळातला किल्ला. मशिदीला लागून बाजार. समुद्राकडे तोंड असलेली गच्च घरं, अगदी इस्तख्रीने लिहिली तशी. कुंभारवाडा. पावसाचा थेंबन्‌थेंब साठवणारी टाकी आणि विहिरी. चीनची थांग काळातली भांडी, तुकड्यातुकड्यांनी. मागच्या खोऱ्यांत खडकात कोरलेल्या शेकडो आयताकृती कबरी, डोंगराच्या उतारावर ओळीने. पाऊस पडला की त्यांत पाणी साचतं, आणि गावची बकरी तिथे पाणी पितात.

चौलला आज गेलं तर नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, जुन्या मशिदीचे आणि हमामखान्याचे पडके अवशेष लागतात, पलीकडे रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. हे सगळं सिराफच्या नंतरचं. झंझाच्या काळातल्या त्या १०,००० माणसांच्या वस्तीचं जमिनीवर दाखवता येईल असं काही समोर दिसत नाही. पण कोकणी मुसलमानांमध्ये आपले पूर्वज अरबी आणि इराणी किनाऱ्यावरून आल्याची परंपरा आहे, त्यांच्यात नाखवा हे आडनाव आहे, आणि कोळीवाड्यातही तोच शब्द मानाचा आहे. नाखवा हा शब्द फारसी ‘नाखुदा’तून आला, नावेचा धनी. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या तोंडात सिराफचा एवढा तरी अंश शिल्लक आहे.

आज सिराफच्या जवळ असालूयेला नैसर्गिक वायूचे प्रचंड कारखाने उभे आहेत आणि रात्री त्यांच्या ज्वाळांनी आभाळ तांबडं होतं. गावातली तरुण पोरं तिकडे कामाला जातात. काही घरं अजून मासेमारी करतात. त्या किनाऱ्यावरच्या लाकडी जहाजाला ‘लेंज’ म्हणतात. ती बांधायची आणि हाकायची विद्या लोप पावत चालली आहे म्हणून युनेस्कोने २०११ साली ती तातडीने जपण्याच्या यादीत घातली. आता लेंजच्या फळ्यांना खिळे असतात, काथ्याची शिवण कधीच गेली. म्हाताऱ्या सुतारांना मात्र चांगलं लाकूड कुठलं, हे सांगावं लागत नाही. ते हिंदुस्थानातून आलेल्या फळीवरून हात फिरवतात आणि तिला अजून ‘साज’च म्हणतात.